दोघी आत, एक बाहेर

क्रौंच पक्ष्याला मोजता येत नाही, आणि माझं पोटपाणी बरंचसं याच एका गोष्टीवर चालतं. तसा तो हुशार आहे. माणसापेक्षा लांबचं पाहतो, वादळ यायच्या आधी ओळखतो, एकदा जोडीदार केला की जन्मभर निभावतो. पण दोन माणसं तंबूत शिरली आणि त्यांतलं एक बाहेर पडून निघून गेलं, की त्याच्या लेखी तंबू रिकामा. माणूस आलं, माणूस गेलं, विषय संपला. मग तो निवांतपणे घरट्यावर येऊन बसतो आणि आत दबा धरून बसलेली मी त्याचं सगळं घरकाम बघत राहते.

त्या तंबूला आम्ही लपण म्हणतो. लपणाच्या कामात दोन जागा असतात, एक बसणाऱ्याची आणि एक जाणाऱ्याची. बसणाऱ्याचं नाव अहवालात येतं. जाणाऱ्याचं कुठेच येत नाही. त्याने फक्त बाहेर पडायचं, सगळ्यांना दिसेल असं ताठ चालत जायचं, मागे वळून बघायचं नाही, आणि संध्याकाळी येऊन बसणाऱ्याला घेऊन जायचं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. रिकाम्या तंबूतून एकाएकी माणूस उगवलेला पाहिला तर पक्षी अशी धास्ती घेतो की घरटं सोडून जातो. म्हणजे एकदा आत बसलात की तुमची सुटका दुसऱ्याच्या हातात.

बरीच वर्षं माझा जाणारा म्हणजे आमच्या जीपचे ड्रायव्हरकाका. त्यांच्याइतकं छान निघून जाणारा माणूस मी पाहिला नाही. यंदा डॉक्टरांनी त्यांना उंचावर जायची बंदी केली. मी ऑफिसला कळवलं. ऑफिसने उलट कळवलं की स्थानिक पातळीवर व्यवस्था करावी. स्थानिक पातळीवर मी होते, मेंढरं होती आणि वारा होता.

आणि नेमकं यंदाच सगळं गळ्याशी आलं होतं. या पाणथळीत पूर्वी क्रौंचांच्या कितीतरी जोड्या घरटी करायच्या. मी आले तेव्हा तीन उरल्या होत्या, आता एकच. ती जोडी दरवर्षी येई, नाचे, लव्हाळ्याचा ढीग रचून त्यावर अंडी घाली, आणि काहीतरी बिनसे. एकदा कुत्री, एकदा पूर, एकदा कशाने कोण जाणे. वरून स्पष्ट सांगण्यात आलं होतं की यंदाही पिल्लू दिसलं नाही तर ही पाणथळ 'विणीची जागा' म्हणून यादीतून उतरेल. यादीतून उतरली की खालच्या तोंडाचा दरवाजा उघडणार आणि सगळं पाणी उतारावरच्या धरणात जाणार. धरणवाले वाटच बघत होते. त्यांचंही चूक म्हणत नाही मी, पाणी सगळ्यांनाच लागतं. पण माझा जीव या पाण्यात अडकला होता.

शिवाय आम्हा पक्षीनिरीक्षकांत एकट्याने पाहिलेलं पिल्लू धरत नाहीत. आस लागलेल्या माणसाला गवताचा पुंजकाही पिल्लू दिसतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. फोटो चालत नाही, कारण फोटोतलं पिल्लू कुठल्याही पाणथळीतलं असू शकतं, असं कुणीतरी कधीतरी म्हणालं आणि त्याचा नियम झाला. दोन माणसांनी, वेगवेगळ्या दिवशी, लपणात बसून स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला हवं. पहिली मी. दुसरे आमचे साहेब, ते अंडी फुटायच्या सुमाराला वर येणार होते.

राहिला जाणारा. नवऱ्याला विचारण्यात अर्थ नव्हता, त्याचं डोकं तिसऱ्या मजल्यावरच दुखायला लागतं. फोनवर त्याने खूप विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाला, "ताईला पाठवू का?"

ताई म्हणजे माझी थोरली नणंद. नुकत्याच निवृत्त झालेल्या. मोठ्या बस-स्थानकात गाड्या सुटल्याच्या घोषणा करायच्या त्या. खणखणीत आवाज, धट्टीकट्टी तब्येत, कशालाच नाही न म्हणणारा स्वभाव. यांतलं काहीच मला खटकत नव्हतं. मला खटकत होतं ते एकच. आयुष्यभर लोकांच्या गाड्या सुटल्याचं सांगणारी ही बाई स्वतः मात्र कुठून सुटत नाही. आमच्याकडे आल्या की "बरं, येते हं" म्हटल्यापासून प्रत्यक्ष जाईपर्यंत दुसरा चहा होतो. दारात एकदा, जिन्यात एकदा, खाली गेल्यावर खिडकीकडे बघून एकदा, आणि कोपऱ्यावरून परत येऊन विसरलेल्या पिशवीच्या निमित्ताने एकदा.

"ताईंना निघता येत नाही," मी म्हटलं.

"पण येता येतं ना?" नवरा म्हणाला. दुसरं कुणी नव्हतंच.

ताई आल्या त्या जांभळा कोट घालून, दोन बॅगा आणि गरम पाण्याच्या तीन रबरी पिशव्या घेऊन. आमचा तळ म्हणजे दगडी भिंतींची एक खोली, मध्ये रॉकेलची शेगडी, एका भिंतीला दोन खाटा, दुसरीला वायरलेसचं खोकं आणि खिळ्याला टांगलेले रबरी बूट. पहिले दोन दिवस हवा विरळ म्हणून त्यांना झोपवून ठेवलं. झोपल्या झोपल्या त्यांनी खोलीतल्या सगळ्या वस्तूंच्या जागा मला बदलायला लावल्या. मान्य करते, त्यानंतर काडेपेटी सापडायला लागली.

मग आम्ही लपणात गेलो. पाणथळीच्या कडेने बांधावरून, पुढे चिखलातून, वाकून दोघी आत. क्रौंचाची मादी घरट्यावरून उठून थोडी लांब जाऊन उभी राहिली, नर तिच्याही पलीकडे. घरट्यात दोन अंडी. मी स्टुलावर बसले, दुर्बीण लावली आणि ताईंना खुणेने सांगितलं की निघा आता.

ताई बाहेर पडल्या. दहा-बारा पावलं गेल्या. थांबल्या. मागे वळल्या. तंबूच्या फटीकडे बघून हात हलवला.

"येते हं गं! डबा खा वेळेवर. आणि पाठ सांभाळ, गार आहे फार."

पुन्हा थोडं चालल्या, पुन्हा वळल्या. तिसऱ्या वेळी तर परत आल्या आणि गरम पाण्याची पिशवी फटीतून आत सारली. क्रौंचांनी हे सगळं मान उंचावून शेवटपर्यंत पाहिलं. मोजता येत नसलं म्हणून काय झालं, बाई ज्याच्याशी बोलते आहे तो तंबू रिकामा नाही एवढं कुणालाही कळतं. मादी काही केल्या घरट्याकडे येईना. वारा बोचरा होता, अंडी उघडी. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. शेवटी मी आतून ओरडून ताईंना परत बोलावलं आणि दोघी मुकाट्याने बाहेर पडलो. आम्ही बांधावर पोचल्यावर कुठे मादी अंड्यांवर येऊन बसली.

मुकाट्याने म्हणजे बांधापर्यंतच. पुढे मी जे तोंड सोडलं ते तळ येईपर्यंत आवरलं नाही. अंडी गार पडली असती तर काय झालं असतं, पाणी गेलं असतं तर काय, आणि शेवटी म्हटलं, "तुम्हाला निघता येत नाही हा स्वभाव नाहीये ताई, आजार आहे."

ताईंनी बूट काढले, भिंतीला लावून ठेवले. शेगडीवर पाणी चढवलं. मग म्हणाल्या, "आमच्या घोषणेच्या खोलीला खिडकी नव्हती. माहितीये तुला? इतकी वर्षं मी माणसांना निरोप दिला, शुभेच्छा दिल्या, सामान सांभाळा म्हटलं. त्यांतलं एकही माणूस मला दिसलं नाही. गाडी सुटली म्हणायची, पुढचा कागद घ्यायचा. म्हणून समोर माणूस असलं ना की माझा पाय निघत नाही. वाटतं, हे तरी नीट करू."

मी चहाचे कप पुसत राहिले. पुसलेलेच होते.

तोडगा त्यांनीच काढला. "निरोप इथेच घेऊ या की," त्या म्हणाल्या. "खोलीत, दार लावून, हवा तेवढा वेळ. मग तिथे तोंडाला कुलूप."

तसंच सुरू झालं. रोज सकाळी शेगडीपाशी माझा निरोपसमारंभ व्हायचा. डबा, मोजे, पाठ, नवऱ्याला फोन, रात्री काय करायचं, माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी, सगळं. मग त्या गळ्यात पडायच्या, "येते हं" म्हणायच्या, आणि त्यानंतर आम्ही दोघी एकाच रस्त्याने एकत्रच निघायचो. लपणातून मात्र त्या एक अक्षर न बोलता बाहेर पडायच्या. फटीतून मला त्यांची पाठ दिसायची. जांभळा कोट, ताठ मान. ती मान वळू नये म्हणून त्या किती ओढाताण करत होत्या ते मला त्यांच्या खांद्यांवरून कळायचं. आणि त्या बांधापलीकडे गेल्या की मादी एकेक पाय उचलत घरट्यावर यायची, चोचीने अंडी उलटीपालटी करायची आणि पोटाखाली घेऊन बसायची.

मला आयुष्यात कुणी इतकं जिवावर येऊन, इतकं नीट, काही दिलेलं नव्हतं.

दिवसभर ताई तळावर असायच्या. मेंढपाळांशी त्यांची गट्टी झाली. त्यांची भाषा ताईंना येत नव्हती, ताईंची त्यांना, तरी तासन् तास बोलणं चालायचं. बांधावरून ताई त्या मोठ्या आवाजात सगळ्यांना चहाला हाका मारायच्या, कुत्र्यांना रागावायच्या, मेंढरांना वाट सांगायच्या. क्रौंच सुरुवातीला मान वर करायचे, मग त्यांनी तो आवाज वाऱ्यात धरला. संध्याकाळी ताई मला न्यायला यायच्या. एक माणूस आत जायचं, दोन बाहेर पडायची. क्रौंचांना त्यातही काही वावगं वाटायचं नाही.

मग एका सकाळी दिसलं की एका अंड्याला आतून चीर पडली आहे.

त्या दिवशी ताई लपणातून निघण्याआधी मी त्यांच्या कानाशी लागून सांगितलं, "आज फुटेल. पिल्लू ओलं असतं. थंडीत आई उठली की संपलं."

ताईंनी मान हलवली आणि गेल्या.

दुपारनंतर आभाळ भरून आलं. वारा पडला, आणि बर्फाचे कण मिसळलेला पाऊस सुरू झाला. मादी घरट्यावर पसरून बसली, पंख सैल सोडून. तिच्या अंगाखाली काय झालं होतं मला दिसत नव्हतं, पण ती सारखी मान वळवून पोटाशी बघत होती. म्हणजे आलं होतं. माझ्या बोटांना दुर्बीण धरवत नव्हती, तरी मी आतल्या आत हसत होते.

ताईंची यायची वेळ झाली. ताई आल्या नाहीत. मी फटीतून बांधाकडे बघत राहिले. पांढऱ्या पडद्यापलीकडे काही दिसेना. वेळ उलटून गेली. चिखलाच्या वाटेवर एका बाजूला खोल पाणी होतं. साठी उलटलेली बाई, विरळ हवा, निसरडं. पाय घसरला असेल तर? धाप लागून बसली असेल तर? हाक मारायची तर क्रौंच उठणार. बाहेर पडायचं तर क्रौंच उठणार. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते त्या पंखांखाली ओलं पडलं होतं, आणि माझी ताई कुठेतरी पावसात.

फार वेळ विचार केला असं नाही. मी तंबूच्या दाराची पहिली गाठ सोडली. पाणी जाईल, जाऊ दे. दुसऱ्या गाठीला हात घातला.

तेवढ्यात बांधाकडून आवाज आला. ओरडल्याचा नव्हे. संथ, सपाट, एकेक शब्द सुटा.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. तंबूतील प्रवाशांनी आपली जागा सोडू नये. पावसामुळे गाडी उशिराने येत आहे. गाडी सुखरूप आहे. प्रवाशांनी काळजी करू नये."

मादीने मान वर केली, ऐकलं, आणि परत खाली घेतली. तो आवाज तिच्या रोजच्या ओळखीचा होता.

मी खाली बसले आणि दोन्ही हात तोंडावर दाबून रडले आणि हसले, काय आधी आणि काय नंतर सांगता येणार नाही. त्या बांधापर्यंत येऊन थांबल्या होत्या. या पावसात आपण पुढे गेलो तर पक्षी उठेल, हे त्यांना कळत होतं. आणि आपण नाही आलो तर आत बसलेली बाई घाबरेल, हेही कळत होतं. थोड्या थोड्या वेळाने घोषणा होत राहिली. मध्येच त्यात बदल व्हायचा. "प्रवाशांनी डब्यातील बिस्किटे खाऊन घ्यावीत." मी खाल्ली.

पाऊस थांबला तेव्हा सूर्य अजून डोंगराच्या वर होता. तिरपं ऊन घरट्यावर आलं. मादीने एक पंख किंचित उचलला आणि त्याखालून पिवळट तपकिरी डोकं बाहेर आलं. कोरडं. फुललेलं. त्याने उजेडाकडे बघितलं आणि परत आत गेलं. बराच वेळ गेल्यावर मी फटीतून रुमाल हलवला. मगच ताई आल्या. कोटातून पाणी निथळत होतं, ओठ निळे पडले होते. त्या रात्री तिन्ही रबरी पिशव्या मी त्यांच्या अंगाभोवती लावल्या आणि शेगडी विझू दिली नाही.

सकाळी वायरलेसवर निरोप आला की खिंडीत दरड आणि बर्फ, साहेब चार दिवस तरी येऊ शकत नाहीत.

चार दिवसांत क्रौंच पिल्लाला घेऊन उंच लव्हाळ्यात जाणार. तिथे ते कुणालाच दिसणार नव्हतं. मी पाहिलं होतं, पण एकटीने. मी खोकं बंद केलं.

"दुसरं माणूस साहेबच पाहिजे असा नियम आहे का?" ताईंनी खाटेवरून विचारलं. आवाज पार बसला होता.

तसा नियम नव्हता. दुसरं माणूस पाहिजे, एवढाच होता. एवढे दिवस ते माझ्याच खोलीत झोपत होतं आणि मला सुचलं नव्हतं, कारण ते जाणारं माणूस आहे असं मी धरून चालले होते.

"ताप आहे का बघू," मी म्हटलं.

"ताप नाही. आवाज नाही. याहून बरा दिवस तुला मिळायचा नाही."

त्या दिवशी दोघी आत गेलो आणि मी बाहेर पडले. ताईंना स्टुलावर बसवलं, दुर्बीण कशी फिरवायची ते दाखवलं, घोंगडी गुंडाळली. "पिल्लू दिसलं की झालं," कानाशी म्हटलं. "नाही दिसलं तर नाही म्हणायचं. माझ्यासाठी म्हणून हो म्हणायचं नाही."

मग मी निघाले. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच निघत होते. मागे काय चाललंय ते कळत नव्हतं. पक्षी उठला का, आला का, ताई खोकल्या का. पाठीमागे सगळं आपलं ठेवून सरळ चालत राहायचं. ड्रायव्हरकाकांनी हे इतकी वर्षं केलं आणि मी त्यांना कधी साधं विचारलंही नाही की कसं वाटतं. बांधापर्यंतची ती वाट मी मान अवघडून चालले.

दिवस तळावर कसा काढला ते मलाच माहीत. मेंढपाळांनी चहा दिला तो हातात गार झाला.

संध्याकाळी लपणाशी गेले. मला बघून मादी उठली आणि घरट्यापासून थोडी लांब जाऊन उभी राहिली. मी दार उघडलं. ताई बाहेर आल्या, माझा दंड धरला आणि काही न बोलता चालू लागल्या. बांध आला तरी बोलेनात. त्यांचे डोळे सुजले होते. मला धीर धरवेना.

"नाही दिसलं का?" मी विचारलं. "सांगा ताई. चालेल मला."

ताईंनी घसा खाकरला. जो काही आवाज उरला होता त्यात म्हणाल्या, "दोन."

"काय दोन?"

"पिल्लं. कालचं एक. ते बाहेर येऊन आईच्या पाठीवर चढत होतं, सारखं घसरत होतं. आणि दुपारी दुसरं अंडं फुटलं. माझ्यासमोर. अगं, अख्खं माझ्यासमोर."

मी बांधावरच मटकन बसले. पाणी समोर पसरलं होतं, डोंगरापर्यंत, आणि ते तिथेच राहणार होतं. ताई माझ्या शेजारी बसल्या. आमच्यात नणंद-भावजयींनी एकमेकींना धन्यवाद म्हणायची पद्धत नाही, पण मी म्हटलं. खणखणीत म्हटलं, त्यांचे दोन्ही हात धरून. तुम्ही नसतात तर हे पाणी गेलं असतं, आणि तुम्हाला काही झालं असतं तर हे पाणी मला नकोच होतं, असंही म्हटलं.

ताई ऐकून घेत होत्या. पाण्यापलीकडे नर आणि मादी माना उंच करून एकदम ओरडले. ताईंनी माझ्या हातातून आपले हात सोडवून घेतले, डोळे पुसले.

"ते राहू दे," त्या म्हणाल्या. "उद्या परत मीच बसणार. तू जा."